गॅरेजचे बिल अवाच्या सवा आले तर?

समजा, आपण यशवंतपूरला राहता. तुमकूर रस्त्यावरच्या गर्दीत गाडीचे इंजिन तापू लागले. गॅरेजवाल्याने सांगितले, "हेड गॅस्केट गेले, इंजिन खोलावे लागेल." बिल झाले 38,000 रुपये. मुलीच्या फीसाठी ठेवलेली मुदत ठेव मोडून आपण ते भरले. आठ दिवसांत गाडी पुन्हा तापली. दुसऱ्या मेकॅनिकने पाहिले, तर रेडिएटरचा पंखाच फिरत नव्हता. रिले बदलला, खर्च 600 रुपये. मग आधीचे 38,000 कशाचे?

अशा वेळी बहुतेक जण नशिबाला दोष देऊन गप्प बसतात. तसे करू नका. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही कायद्याने 'सेवा' आहे. तिच्यात कसूर झाली, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दाद मागता येते.

गाडी खोलण्याआधी

कोणती तपासणी करून दोष ठरवला, हे विचारा. हेड गॅस्केटचा संशय असेल, तर इंजिन न खोलताही कूलिंग यंत्रणेचा दाब आणि सिलिंडरचे कॉम्प्रेशन तपासता येते. सुटे भाग आणि मजुरी वेगवेगळी दाखवणारा अंदाजपत्रकाचा कागद घ्या. त्यावर दोन ओळी लिहून द्या: "यापेक्षा जास्त खर्च असल्यास आधी विचारावे. काढलेले जुने भाग परत द्यावेत." मोबाईलवर संदेश पाठवला तरी चालेल, तो पुरावाच आहे.

पैसे भरताना

बिल पटत नाही म्हणून गाडी जबरदस्तीने नेऊ नका. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 170 नुसार, केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत दुरुस्ती करणाऱ्याला वस्तू ताब्यात ठेवता येते. गाडीची गरज असेल, तर "बिल मान्य नाही, हक्क राखून पैसे भरत आहे" असे लिहून द्या आणि त्याची प्रत ठेवा. रोख देणे टाळा. खात्यातून किंवा यूपीआयने भरा, म्हणजे पासबुकात नोंद राहते. जीएसटी लावला असेल, तर बिलावर गॅरेजचा जीएसटी क्रमांक हवा.

निदान चुकले असे वाटले, तर

वरच्या उदाहरणात एक गोष्ट निसटली. दुसऱ्या मेकॅनिकने लगेच रिले बदलला आणि पुरावा तिथेच संपला. आधी बंद पंख्याचा व्हिडिओ काढा, दोष काय आहे ते त्या मेकॅनिककडून सही-तारखेसह लिहून घ्या आणि पहिल्या गॅरेजला गाडी पाहण्याची संधी द्या.

गॅरेजवाला म्हणेल, "पंखा बंद पडल्यानेच इंजिन तापले आणि गॅस्केट जळले." हे खरेही असू शकते. पण तसे असेल, तर मूळ कारण न शोधताच गाडी परत दिली, असा प्रश्न उरतो. गॅस्केट खरेच जळले होते का, हे जुना भाग आणि तपासणीचा कागद सांगेल. निदान चुकले एवढ्यावरच कसूर सिद्ध होत नाही. साधी काळजीसुद्धा घेतली नाही, हे आपल्याला दाखवावे लागते.

तक्रारीच्या पायऱ्या

1. गॅरेजला लेखी पत्र द्या. काय झाले, किती पैसे परत हवेत आणि किती दिवसांत, हे स्पष्ट लिहा. पंधरा दिवसांची मुदत पुरे.

2. उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा. तेथे मराठीतही बोलता येते. हेल्पलाइन समेट घडवण्याचा प्रयत्न करते, मात्र ती निकाल देत नाही.

3. तरीही न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. वकील सक्तीचा नाही. सेवेसाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते.

गावी जाताना हुबळीत किंवा कोल्हापुरात गाडी दुरुस्त केली असेल, तरी तिथे खेटे घालायची गरज नाही. आपण जिथे राहता किंवा काम करता, त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. म्हणजे यशवंतपूरच्या रहिवाशाला ती बेंगळुरूमध्येच करता येईल.

ठेव मोडण्याआधी

साधारण वाहन विम्यात अपघाताची भरपाई मिळते, झीज किंवा यंत्रातील बिघाडाची नाही. म्हणून गाडी असेल, तर दरमहा थोडी रक्कम वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका. मुदतीआधी ठेव मोडली, तर व्याज कमी मिळते. हाताशी पैसे असले की घाईने "करा काय ते" म्हणावे लागत नाही. दुसऱ्या मेकॅनिकला दाखवायला एक दिवस मिळतो, आणि बऱ्याचदा तो एक दिवसच मोठे बिल वाचवतो.