घरीं केलेला मातीचा ब्रोच

सीताबर्डीची टेकडी ज्या जातीच्या काळ्या खडकाची आहे, त्याच खडकाची युगानुयुगें झीज होऊन विदर्भांतील कापसाची काळी माती तयार झाली. म्हणून मातीचा ब्रोच करावयास बसलेल्या बर्डीवरील गृहिणीची दृष्टि प्रथम परसांतील मातीकडे वळावी, हें साहजिक आहे. परंतु ही माती या कामीं दगा देते. तिचे सूक्ष्म कण पोथीच्या पानांसारखे एकावर एक रचलेले असतात; पानापानांत पाणी शिरलें कीं ती फुगते, आणि तें उडून गेलें कीं आक्रसते. उन्हाळ्यांत शेतांतून खोल भेगा पडतात त्या यामुळेंच. शेताची भेग पावसानें बुजते. रंगविलेल्या ब्रोचची बुजत नाहीं.

ब्रोच हा आपल्या वेषांत उशिरा आलेला दागिना आहे. नऊवारी लुगड्याचा पदर खोचून राहतो. त्याला टाचणीची गरज नव्हती. सत्येंद्रनाथ टागोर यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी १८६४ सालीं मुंबईस आल्या. पारशी स्त्रियांचा पोषाख पाहून त्यांनीं साडी नेसण्याची जी नवी रीत बसविली, तींत पदर डाव्या खांद्यावर टाचण्यास ब्रोच आला. पुढें पांचवारी साडीबरोबर तो मराठी घरांतही रुळला. ब्रोचचे दोन धर्म आहेत. तो शोभेचा असला तरी त्याला भार धरावयाचा असतो. मातीचा ब्रोच करतांना हा दुसरा धर्म विसरला, म्हणजे पहिलाही वायां जातो.

माती घ्यावी ती शाडूची. ती काळ्या मातीइतकी फुगत नाहीं, आणि गणपतीच्या दिवसांत बाजारांत सहज मिळते. बर्डीहून पूर्वेस महालांतील चितारओळ ही मूर्तिकारांची जुनी वस्ती. मातीला हात कसा लावावा हें तेथें घटकाभर उभें राहून पाहिलें तरी पुष्कळ कळतें. शाडू फडक्यानें वस्त्रगाळ करावी. चार वाट्या शाडूस एक वाटी भिजवून कुटलेल्या कागदाचा लगदा व थोडें डिंकाचें पाणी घालून ती कणकेसारखी मळावी. मूर्तिकार मातींत कापूस कालवितात त्यांतील हेतु हाच: तंतु कणांना बांधून ठेवतात आणि भेग पसरूं देत नाहींत.

मळलेल्या मातीची पाव इंच जाडीची पोळी लाटावी आणि सुरीनें सव्वा इंच रुंदीचा आकार कापावा. मोर, आंबा, कमळ, कोणताही चालेल. मात्र बारीक टोंकें ठेवूं नयेत, कारण तीं प्रथम मोडतात. कापलेला तुकडा सांवलींत ठेवून रोज उलटावा. एकच बाजू आधीं वाळली, तर ती आक्रसून तुकडा वांकडा होतो. नागपूरच्या वैशाखांतील झळयांत वरचा थर तासाभरांत सुकतो व आंतील ओला राहतो; म्हणून त्या दिवसांत वर ओलसर फडकें पसरावें. चार-पांच दिवसांनीं तुकडा पुरता वाळला, कीं कांचकागदानें कडा घासाव्या. या टप्प्यापर्यंत तडा गेला तर निराश होण्याचें कारण नाहीं. तुकडा पाण्यांत टाकावा. कच्ची माती पुन्हा माती होते.

पण हाच तिचा दोषही आहे. मातीचें खापर होण्यास तिच्या कणांत रासायनिक रीतीनें बांधलेलें पाणी बाहेर पडावें लागतें, आणि त्यास सुमारें ५०० ते ६०० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. ती कुंभाराच्या भट्टींत मिळते. घरच्या चुलीवर किंवा ओव्हनमध्यें मिळत नाहीं. तेव्हां घरच्या ब्रोचचें पाण्यापासून रक्षण दुसऱ्या उपायानें केलें पाहिजे.

प्रथम चिंचोक्यांच्या खळींत खडूची पूड कालवून तिचे दोन पातळ हात द्यावे. सावंतवाडीच्या गंजिफांचे पत्ते रंगविण्यापूर्वीं अशीच जमीन तयार करतात. तीवर डिंकाच्या पाण्यांत खललेले रंग बारीक कुंचल्यानें भरावे. तांबड्यासाठीं गेरू, पिवळ्यासाठीं पिवडी, काळ्यासाठीं दिव्याची काजळी, निळ्यासाठीं नीळ. हळद घेऊं नये. ती उजेडानें विटते.

येथें एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. जुने चितारी शेंदूर, हिंगूळ, हरताळ आणि शिशाचा सफेता हे रंग वापरीत. त्यांचें तेज कोणासही मोह पाडील. परंतु शेंदुरांत शिसें आहे, हिंगुळांत पारा आहे आणि हरताळांत सोमल आहे. ब्रोच खांद्यावर असतो, आणि कडेवरचें मूल प्रथम त्यालाच हात घालतें व तो हात तोंडांत घालतें. हे चार रंग घरांत आणूंच नयेत. गेरूचा तांबडा थोडा मंद दिसेल. तो मंदपणा पत्करावा.

रंग वाळल्यावर लाखेचें रोगण द्यावें. पळसावर व कुसुमावर राहणारे लाखेचे किडे जो राळेसारखा पदार्थ तयार करतात, त्याचाच शुद्ध केलेला चपडा स्पिरिटांत रात्रभर भिजत ठेवला, कीं रोगण होतें. डिंक पाण्यांत विरघळतो, स्पिरिटांत नाहीं. लाख स्पिरिटांत विरघळते, पाण्यांत नाहीं. म्हणून रोगण देतांना खालचा रंग पसरत नाहीं, आणि नंतर घामाचा किंवा पावसाचा थेंब वरून ओघळून जातो. स्पिरिट झटकन पेटतें व विषारी असतें. तें चुलीपासून व मुलांपासून दूर ठेवावें. पावसाळी हवेंत रोगणावर पांढुरकी झांक येते, म्हणून हें काम दिवाळी ते होळी या दिवसांत करावें.

पीन सर्वांत शेवटीं बसवावी. ओल्या मातींत ती रोंवली तर माती आक्रसते, धातु आक्रसत नाहीं, आणि तिच्याभोंवतीं तडा जातो. पाठीवर पीन आडवी ठेवून तिच्यावर सुती पट्टी सरसानें चिकटवावी. तिची जागा मध्याच्या किंचित वर असावी. मध्याच्या खालीं बसली, तर ब्रोच पुढें झुकतो आणि चित्र जमिनीकडे पाहूं लागतें.

असा ब्रोच सोन्याच्या दागिन्याप्रमाणें पिढ्यान्‌पिढ्या टिकावयाचा नाहीं. तो पडला तर फुटेल. परंतु तो कशानें तडकतो, कशानें रंग धरतो आणि कशानें अपाय करतो, हें करणारीस ठाऊक झालेलें असतें. आणि दुसरा करावयास शाडू घरांत शिल्लक असतेच.