दह्यासाठी आईस बॉक्स किती लिटरचा घ्यायचा?

बदलापूर-वांगणी पट्ट्यात थंडीच्या पहाटे मुंबईपेक्षा जास्त गारठा असतो. घरून दही विकणाऱ्यांची तक्रार तेव्हाच सुरू होते, "दही नीट लागत नाही." विरजण लावताना दूध ४२-४३ अंशांवर असतं, पण ते तापमान टिकत नाही. १० लिटर दूध वाया गेलं तर लिटरला ६० रुपये धरले तरी ६०० रुपये गेले!

यावर स्वस्त उपाय म्हणजे आईस बॉक्स. तो गारवा धरतो तशी ऊबही धरतो. दुकानदार मोठाच गळ्यात मारतो, पण अर्धा रिकामा बॉक्स लवकर गार होतो.

म्हणून लिटर बघू नका, कप मोजा. १० लिटरचे २०० मिलीचे ५० कप होतात. ते घरी दोन थरांत रचून टेपने माप घ्या. बॉक्सचं माप आतूनच घ्यायचं, भिंती जाड असतात. उरलेल्या जागेत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवा. आणि हो, बॉक्स आधी गरम पाण्याने तापवून घ्या.

ऑर्डर कमी-जास्त होतात का? मग एक मोठा घेण्यापेक्षा दोन छोटे घ्या. फक्त मासळीचा जुना बॉक्स नको, वास जात नाही.