कल्हमचं यंत्र

संपादकांनी दिलेला विषय मोठा होता: युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ब्रिटनच्या विज्ञानाचं काय झालं? करार, पत्रकं, आकडे वाचायला घेतले आणि फिरून फिरून एकाच ठिकाणी येत राहिले. ऑक्सफर्डशरमधलं कल्हम. नौदलाच्या जुन्या विमानतळाच्या जागेवर तिथे चाळीस वर्षं एक यंत्र चाललं. नाव जॉइंट युरोपियन टोरस, पण सगळे त्याला जेट म्हणतात. ब्रेक्झिटच्या वादात मासेमारीवर रकानेच्या रकाने खर्ची पडले. या यंत्राची आठवण फार थोड्यांना झाली.

जेटचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. यंत्र उभारायचं यावर युरोपचं एकमत होतं, कुठे यावर नव्हतं. जर्मनीला ते गार्शिंगला हवं होतं, ब्रिटनला कल्हमला. वाद रेंगाळत राहिला आणि १९७७च्या ऑक्टोबरमध्ये कल्हमच्या बाजूने सुटला. पहिला संचालक जर्मन, हान्स-ओटो व्युस्टर. आराखड्याचा प्रमुख फ्रेंच, पॉल-आंरी रेब्यू. जून १९८३मध्ये यंत्रात पहिला प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित तप्त वायू, तयार झाला. पुढच्या वर्षी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते उद्घाटन झालं, तेव्हा फ्रान्सचे अध्यक्ष मितेराँ शेजारी उभे होते. देशोदेशींहून आलेल्या शास्त्रज्ञांच्या मुलांसाठी कल्हममध्ये युरोपीय शाळाही निघाली. अर्थात सगळं गोडीगुलाबीचं नव्हतं. एकाच यंत्रावर तेच काम करणाऱ्या ब्रिटिश कर्मचाऱ्यांना युरोपीय सहकाऱ्यांपेक्षा पगार कमी होता आणि ते भांडण युरोपच्या न्यायालयापर्यंत गेलं.

यंत्राचं काम अणुसंमीलनाचं, म्हणजे सूर्याच्या पोटात चालतं ते. मेदूवड्याच्या आकाराच्या पोकळीत ड्युटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची दोन भावंडं तापवायची. तापमान पंधरा कोटी अंश सेल्सियस, सूर्याच्या गाभ्याच्या दहापट. इतका तप्त प्लाझ्मा भिंतीला टेकू न देता चुंबकांनी अधांतरी धरायचा. चुंबकांची वेटोळी तांब्याची, त्यामुळे ती तापत आणि पूर्ण ताकदीचा प्रयोग काही सेकंदांवर जाऊ शकत नसे. तेवढ्या सेकंदांत लागणारी वीज अशी प्रचंड, की ती एकदम ओढली असती तर राष्ट्रीय ग्रिडला हिसका बसला असता. म्हणून प्रत्येकी ७७५ टनांची दोन फ्लायव्हील आधी सावकाश गरगर फिरवून ठेवायची आणि ऐन क्षणी त्यांच्यातली ऊर्जा काढून घ्यायची.

पण मला खिळवून ठेवलं ते जेटच्या हातांनी.

१९९७मध्ये जेटने ड्युटेरियम-ट्रिटियमचे मोठे प्रयोग केले. संमीलनातून निघालेल्या न्यूट्रॉनांच्या माऱ्याने यंत्राचा आतला भाग किरणोत्सारी झाला. माणसाला आत जाता येईना. तरी आतल्या फरशा बदलायच्या, बोल्ट आवळायचे, वेल्डिंग करायचं, धूळ काढायची, हे सगळं उरतंच. १९९८मध्ये ते काम मॅस्कॉट नावाच्या यांत्रिक हातांच्या जोडीने केलं. मूळ आराखडा इटलीत १९६०च्या दशकात झालेला. सांध्यासांध्यांनी वळणाऱ्या लांबलचक दांड्याच्या टोकाला हे हात बसवलेले असतात. दांडा यंत्राच्या झरोक्यातून आत सरकतो आणि गोलाईला धरून वळत जातो.

नियंत्रण कक्षात ऑपरेटर बसलेला असतो. त्याच्यासमोर तशाच हातांची दुसरी जोडी. तो मनगट वळवतो तसं आतलं मनगट वळतं. इथवर कुठल्याही रोबोटसारखंच. मॅस्कॉटची खुबी उलट्या दिशेने येते: आतल्या हाताला जे लागतं ते ऑपरेटरच्या हाताला कळतं. फरशीचं वजन कळतं. बोल्ट आट्यांवर सरळ बसला की तिरका, हे कॅमेऱ्यात दिसण्याआधी बोटांना समजतं. तिरका बसलेला बोल्ट जोर लावून आवळला तर तो तिथेच अडकणार, आणि काढायला आत कोणी जाऊ शकत नाही. म्हणून प्रत्येक हालचालीची तालीम आधी हुबेहूब प्रतिकृतीत होते, मग खऱ्या पोकळीत. २००९ ते २०११ या काळात आतलं कार्बनचं अस्तर काढून बेरिलियम आणि टंगस्टनचं बसवलं. बेरिलियमची धूळ विषारी. हजारो फरशा याच हातांनी उचलल्या, याच हातांनी जागेवर बसवल्या.

ही कारागिरी आहे आणि पुस्तकातून ती येत नाही. जुन्या ऑपरेटरशेजारी बसून नवा ऑपरेटर ती उचलतो. आतल्या अस्तराचा निर्णयही कुणा एका देशाचा नव्हता. दक्षिण फ्रान्समध्ये कादाराश इथे आयटर हे महायंत्र उभं राहतं आहे; त्याच्यासाठी ठरलेली धातूंची भिंत आधी जेटमध्ये तपासायची होती. कल्हम ही युरोपच्या प्रयोगशाळांची सामाईक तालीमखोली होती.

२३ जून २०१६ला ब्रिटनने संघ सोडण्याचा कौल दिला. २९ मार्च २०१७ला सरकारने रीतसर पत्र दिलं आणि त्यात युरॅटममधून बाहेर पडण्याचीही सूचना होती. युरॅटम हा अणुऊर्जेचा १९५७चा स्वतंत्र करार. तो सोडा असं मतपत्रिकेवर कुठेही लिहिलेलं नव्हतं. युरोपीय न्यायालयाचा अधिकार नको, या आग्रहात तोही गेला. जेटचा सुमारे ८८ टक्के चालू खर्च युरोप देत होता. दोन वर्षांनी, मार्च २०१९मध्ये, किमान दहा कोटी युरोंचा मुदतवाढीचा करार झाला आणि कल्हमच्या कर्मचाऱ्यांचा जीव भांड्यात पडला.

यापुढचं मला विलक्षण वाटतं. जेटची सर्वांत मोठी कामगिरी त्यानंतरची आहे. २०२१च्या अखेरीस यंत्राने पाच सेकंदांत ५९ मेगाजूल ऊर्जा दिली. ३ ऑक्टोबर २०२३ला ०.२ मिलिग्रॅम इंधनातून ६९ मेगाजूल, म्हणजे वीजबिलाच्या हिशेबात १९ युनिट. घातलेली ऊर्जा याहून जास्त होती, हे खरं. पण इतका वेळ, इतक्या स्थिरपणे हे तोवर कुणी केलं नव्हतं. ब्रिटन संघाबाहेर गेलेला, तरी युरोपभरचे शास्त्रज्ञ कल्हमच्या प्रयोगांत होतेच. १८ डिसेंबर २०२३ला शेवटचा प्रयोग झाला, क्रमांक १,०५,८४२. यंत्र जुनं झालं होतं. ते ब्रेक्झिटने बंद पाडलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. ब्रेक्झिटने तोडलं ते त्यानंतरचं.

बाकीच्या विज्ञानाची फरपट आधी सांगते. होरायझन युरोप हा ९,५५० कोटी युरोंचा संशोधन कार्यक्रम. त्यात ब्रिटन सहभागी राहील असं २०२०च्या अखेरच्या करारात ठरलं होतं. मग उत्तर आयर्लंडच्या व्यापाराचा वाद पेटला आणि ब्रसेल्सने सहभाग रोखून धरला. विज्ञानाचा त्या वादाशी काहीही संबंध नव्हता. २०२२मध्ये युरोपीय संशोधन परिषदेने शंभराहून अधिक विजेत्यांना कळवलं: अनुदान हवं तर ब्रिटन सोडून संघातल्या देशात या. काहींनी बिऱ्हाड हलवलं, बहुतेकांनी अनुदानावर पाणी सोडलं. सरकारने भरपाईची हमी दिली. पैसा मिळाला, पण डझनभर देशांच्या चमूचं नेतृत्व भरपाईत मिळत नाही. सप्टेंबर २०२३मध्ये समेट झाला आणि १ जानेवारी २०२४पासून ब्रिटन होरायझनमध्ये परतला. वर्गणी, कोपर्निकस उपग्रह कार्यक्रम धरून, वर्षाला सुमारे २६० कोटी युरो.

समेटाच्या त्याच घोषणेत युरॅटमच्या संशोधनात सामील व्हायला मात्र नकार होता. संमीलनाचं आम्ही आमचं पाहू, असं म्हणत सरकारने ६५ कोटी पौंडांपर्यंतची तरतूद जाहीर केली. नॉटिंगहॅमशरमध्ये वेस्ट बर्टनच्या जुन्या कोळसा वीजकेंद्राच्या जागी स्टेप नावाचं संमीलन वीजकेंद्र उभारायचं आहे, उद्दिष्ट २०४०चं. महत्त्वाकांक्षा मोठी आहे आणि ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण युरॅटमबरोबर आयटरचं दारही बंद झालं, आणि चूक इथे आहे.

आयटरचं वेळापत्रक घसरलं आहे. नव्या आराखड्यानुसार तिथे ड्युटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९मध्ये सुरू होतील. २०२३ ते २०३९, म्हणजे सोळा वर्षांचं अंतर. जेटमध्येसुद्धा १९९७नंतर असे मोठे प्रयोग थेट २०२१मध्ये झाले आणि ट्रिटियम हाताळणं नव्याने अंगवळणी पाडावं लागलं. आता ज्यांना ते येतं ते निवृत्त होतील. मॅस्कॉटचे हात सध्या जेट उकलण्याच्या कामाला लागले आहेत; तपासणीसाठी आतल्या फरशा काढून आणत आहेत. हे काम २०४०च्या आसपासपर्यंत चालेल. जगात सर्वांत शिकण्याजोगं असं ते काम आहे. त्याच्याशेजारी आयटरचे तरुण अभियंते रोज बसायला हवेत, आणि नेमकं तेच आता वेगवेगळ्या करारांवर, व्हिसांवर अवलंबून आहे.

आपला या गोष्टीशी संबंध आहे. १९५५मध्ये जिनिव्हाच्या अणुपरिषदेच्या अध्यक्षपदावरून होमी भाभांनी दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा आटोक्यात येईल असं भाकीत केलं होतं. ते खरं ठरलं नाही, पण भारताने नाद सोडला नाही. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९मध्ये आदित्य हा टोकामॅक, म्हणजे जेटच्याच जातीचं यंत्र, सुरू झाला आणि २००५मध्ये भारत आयटरचा सदस्य झाला. आयटरचं ३,८५० टनांचं क्रायोस्टॅट, म्हणजे यंत्राला वेढणारं निर्वात पात्र, हझिऱ्याच्या लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात घडलं. सुमारे नऊ टक्के वाटा उचलून भारताला तिथलं सगळं ज्ञान मिळतं.

होरायझन युरोप २०२७ला संपतो. पुढच्या कार्यक्रमासाठी ब्रिटनला पुन्हा वाटाघाटी कराव्या लागतील, आणि युरॅटमचा प्रश्न तेव्हा टेबलावर ठेवता येईल. तो ठेवलाच पाहिजे. आज आयटरच्या सात सदस्यांत युरोपीय संघ, भारत, चीन, जपान, दक्षिण कोरिया, अमेरिका आणि युक्रेन युद्धानंतरही रशिया आहे. जेट चालवणारा ब्रिटन नाही.