गंधक गेले, आता इंधनाची राखण कोण करणार?

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ प्रतीचे पेट्रोल व डिझेल विकले जाऊ लागले. या इंधनात दहा लाख भागांमागे गंधकाचे जास्तीत जास्त १० भाग चालतात. आधीच्या भारत स्टेज-४ इंधनात ही मर्यादा ५० होती. गंधक जळून तयार होणारा सल्फर डायऑक्साइड वायू श्वसनमार्गाला अपायकारक असतो. गाडीच्या धुरातील विषारी वायू निष्प्रभ करणारे उत्प्रेरकही गंधकामुळे निकामी होतात. त्यामुळे ही कपात स्वागतार्हच होती. मात्र साठवून ठेवलेल्या इंधनाच्या बाबतीत गंधकाची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते.

पेट्रोल, डिझेल आणि विमानाचे इंधन ही मुख्यतः हायड्रोकार्बनांची मिश्रणे होत. हवेतील ऑक्सिजनचा त्यांच्याशी साध्या तापमानालाही संथपणे संयोग होत असतो. त्यातून प्रथम पेरॉक्साइड तयार होतात. ही संयुगे अस्थिर असल्याने त्यांचे विघटन होऊन मुक्त मूलके निर्माण होतात; ती नव्या रेणूंवर हल्ला चढवतात आणि पुन्हा पेरॉक्साइड जन्माला येतात. ही साखळी वेग घेते, तसतसे इंधन काळवंडते, त्याची आम्लता वाढते आणि डिंकासारखा चिकट पदार्थ व गाळ साचू लागतो. परिणामी फिल्टर तुंबतात. उष्णता आणि इंधनात विरघळलेले तांबे यांमुळे ही क्रिया आणखी जलद होते.

या साखळीत गंधकाची भूमिका संयुगागणिक बदलते. सल्फाइड व डायसल्फाइड या वर्गातील अनेक संयुगे पेरॉक्साइडचे रूपांतर तुलनेने निरुपद्रवी अल्कोहोलमध्ये करतात आणि साखळी रोखून धरतात. खनिज तेलाबरोबर आलेले ते जणू नैसर्गिक राखणदारच! थायॉल किंवा मर्कॅप्टन यांची गोष्ट वेगळी. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम दिला जाणारा उग्र वास याच कुळातील इथाइल मर्कॅप्टनचा. या कुळातील थायोफिनॉलसारखी संयुगे असंतृप्त हायड्रोकार्बनांच्या सान्निध्यात गाळ वाढवतात. मुक्त गंधक तर तांब्याचे सुटे भागच गंजवते.

तेलशुद्धीकरण कारखान्यात गंधक काढण्यासाठी इंधनावर उच्च दाबाखाली, सुमारे ३०० ते ४०० अंश सेल्सिअस तापमानाला हायड्रोजनची प्रक्रिया करतात. कोबाल्ट व मॉलिब्डेनमयुक्त उत्प्रेरकाच्या साहाय्याने गंधक हायड्रोजन सल्फाइडच्या रूपात बाहेर पडते. गाळाला कारणीभूत ठरणारी बरीच असंतृप्त आणि नायट्रोजनयुक्त संयुगेही या प्रक्रियेत कमी होतात, हा मोठा लाभ. परंतु राखणदार संयुगेही त्यांच्याबरोबर जातात आणि इंधनात पेरॉक्साइड साचण्याचा धोका वाढतो.

विमान वाहतुकीत हा धोका प्रथम ठळकपणे जाणवला. पेरॉक्साइडमुळे इंधनप्रणालीतील रबरी भाग कडक होऊन तडकतात. म्हणूनच हायड्रोजन प्रक्रिया केलेल्या विमान इंधनात ऑक्सिडेशनरोधक रसायन घालण्याची अट आंतरराष्ट्रीय मानकांत आहे, आणि तेही प्रक्रियेनंतर लगेच, साठवणीच्या टाकीत जाण्यापूर्वी. डिझेलचीही परीक्षा होते. ९५ अंश तापमानाला १६ तास त्यातून ऑक्सिजन सोडून तयार झालेला गाळ मोजतात. तो घनमीटरमागे २५ ग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये.

रोज धावणाऱ्या गाडीच्या मालकाने याची चिंता करण्याचे कारण नाही, कारण तिच्यातील इंधन लवकर संपते. प्रश्न आहे तो रुग्णालये आणि गृहनिर्माण संस्थांच्या जनित्रांचा. तेथील डिझेल अनेक महिने पडून असते आणि नेमक्या आणीबाणीच्या क्षणी त्याची गरज भासते. अशी टाकी उन्हापासून दूर व शक्यतो भरलेली ठेवावी, तळाचे पाणी वेळोवेळी काढावे, तांब्या-पितळेच्या नळ्या टाळाव्यात आणि जुने इंधन वापरून नवे भरावे. ऑक्सिडेशनरोधक रसायन वापरायचे झाल्यास ते ताज्या इंधनातच घालावे. एकदा गाळ धरलेल्या डिझेलला ते पूर्वस्थितीत आणू शकत नाही.