चिडका मुलगा, गप्प मुलगी

बालाघाट जिल्ह्यातल्या लांजी परिसरात रोवणीच्या दिवसांत आईवडील पहाटेच बांधीत जातात. मागे स्वयंपाक, भांडी, धाकटा भाऊ, सगळे तेरा-चौदा वर्षांच्या मुलीवर. तिने मैत्रिणीकडे जाणे सोडले, सरकारी सायकल भिंतीला टेकून राहिली, तरी घरात कुणाला खटकत नाही. ‘वयात आली, आता शहाणी झाली,’ एवढेच म्हणतात. भावाने दप्तर भिरकावले, मास्तरांना उलट उत्तर दिले, की मात्र पाठीत धपाटा बसतो. दोघांनाही नैराश्य असू शकते, ही शंका कुणाला शिवत नाही.

बारा वर्षांखालच्या मुलामुलींत नैराश्याचे प्रमाण जवळपास सारखेच असते. काही पाहण्यांत मुलगेच किंचित पुढे दिसतात. पुढे पारडे फिरते आणि किशोरवय सरेपर्यंत मुलींचे प्रमाण सुमारे दुप्पट होते. अँगोल्ड, कॉस्टेलो आणि वर्थमन यांनी 1998 मध्ये दाखवले, की हा फरक नुसत्या वयापेक्षा वयात येण्याच्या टप्प्याशी अधिक निगडित आहे. पण सगळे खापर हार्मोन्सवर फोडणे मला पटत नाही. ज्या वर्षी अंग बदलते त्याच वर्षी अंगण आक्रसते. सुझन नोलेन-होक्सिमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणखी एक गोष्ट मांडली: मुली दुःख मनात घोळवत बसतात आणि त्यातून ते लांबत जाते. मोकळे बोलायला जागाच नसेल तर घोळवण्यावाचून उरते काय?

मुलग्यांचे प्रमाण कमी, म्हणून निर्धास्त राहू नये. मोठ्यांत उदासी दिसते, तिथे मुलांत नुसती चिडचिड असू शकते. निदानाच्या निकषांतही तिला जागा आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशासह 12 राज्ये होती. त्यात 13 ते 17 वयोगटात 7.3 टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला, आणि तो एकूण आकडा मुलामुलींत जवळजवळ सारखाच होता.

चिडचिड, झोप बिघडणे, जेवणावरून मन उडणे, अभ्यासात घसरण, असे दोन आठवडे टिकले तर बाहेरची हवा, दृष्ट किंवा ‘नाटकं’ म्हणून सोडू नये. मरणाची भाषा आली तर दोन दिवसही थांबू नये. बालाघाटला जिल्हा रुग्णालय आहे. तिथवर जाणे लगेच जमत नसेल, तर 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालतो. मुलाला फोनवर बोलायचे नसेल, तर आईने किंवा मास्तरांनी लावला तरी चालतो.