फाईल घरी ठेवून शहराकडे

मराठवाड्यातील गावोगावच्या ज्येष्ठांसाठी छत्रपती संभाजीनगर हे हळूहळू दवाखान्याचेच दुसरे नाव होऊन बसते. तारुण्यात जिथे शिक्षण घेतले, पहिली नोकरी धरली, लग्नाचा बस्ता बांधला, त्याच शहरात उतारवयात माणूस येतो तो तपासण्यांचे कागद पिशवीत घालून. घाटी रुग्णालय किंवा एखादा खासगी दवाखाना, औषधांचे दुकान आणि परतीची गाडी. गुलमंडी, पैठण गेट, खडकेश्वर ही नावे मग केवळ रिक्षावाल्याच्या तोंडून कानी पडतात. वर्षातून एखादी फेरी तरी ही फाईल घरी ठेवून करावी, आणि ती शक्यतो जुन्या स्नेह्याच्या भेटीसाठी असावी.

‘भेटायला कशाला जायचे, फोन आहे की’ असे आपण घरातली तरुण माणसे सहज म्हणून जातो. पण वाढत्या वयात ऐकू कमी येऊ लागले की सर्वांत आधी फोनच परका होतो. समोरच्याचे ओठ दिसत नाहीत, चेहऱ्यावरचा भाव दिसत नाही, दोनदा ‘काय?’ विचारून तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते. मग ‘बरं आहे ना? बरं, ठेवतो’ एवढ्यावर चाळीस-पन्नास वर्षांचा स्नेह येऊन थांबतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाशी निगडित असे चौदा धोके नोंदविले, ज्यांवर काही प्रमाणात उपाय करता येतो. त्यांत ऐकू कमी येणे आणि माणसांपासून तुटणे हे दोन्ही आहेत. हे दोन धोके एकमेकांचा हात धरूनच घरात शिरतात, असा माझा अनुभव आहे.

माझे वडील सत्त्याहत्तर वर्षांचे. आम्ही पैठणला राहतो. आई गेल्यापासून दोन वर्षे त्यांनी दवाखान्यावाचून गाव सोडले नव्हते. नागसेनवनातील वसतिगृहात त्यांच्याबरोबर एकाच खोलीत राहिलेले त्यांचे मित्र याच शहरात आहेत. आम्ही त्यांना काका म्हणतो. आई गेली तेव्हा काका आजारी होते. त्यांचा फोन आला, पण दोघांनाही एकमेकांचे धड ऐकू आले नाही. ते बोलणे तसेच अर्धवट राहिले होते.

बाबांच्या नकाराचे खरे कारण निराळेच होते. वाटेत लघवीला लागले तर काय, ही ती भीती. या भीतीपोटी कितीतरी वृद्ध प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात. वयोमानाने तहानेची जाणीव मुळातच मंदावलेली असते. त्यात पाणी तोडले की उठताना भोवळ येणे, पडणे, मूत्रमार्गाला संसर्ग होणे असे प्रकार ओढवतात. पाणी थोडे थोडे, पण वेळोवेळी प्यावे. लघवी वाढविणारी गोळी चालू असल्यास प्रवासाच्या दिवशी ती केव्हा घ्यावी, हे डॉक्टरांनाच विचारावे. आपल्या मनाने बंद करू नये. आम्ही निघताना, उतरल्यावर आणि पोहोचल्यावर अशा तीन सोयी आधीच ठरवून बाबांना सांगितल्या. ते त्यावर काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी त्यांनी धोतराची घडी काढून ठेवली.

कार्तिकातला दिवस निवडला. उन्हाळ्यात या शहराचा पारा चाळिशी ओलांडतो. पैठणहून एस.टी.चा प्रवास अवघा पन्नास किलोमीटरांच्या आसपास. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यभर साध्या गाडीने विनातिकीट जाता येते, याचा बाबांना भारी अभिमान. फाईल घरी राहिली. औषधांची नावे लिहिलेली चिठ्ठी मात्र खिशात होती. ती असावीच.

सकाळच्या वेळात एकच स्थळ, असे ठरले होते. बीबी का मकबऱ्याच्या चौथऱ्याला पायऱ्या आहेत, म्हणून तो दुरूनच पाहिला आणि पाणचक्की गाठली. इथे सावली आहे, बसायला जागा आहे. शहराच्या उत्तरेकडील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून इथवर आणले, उंच भिंतीवर चढविले आणि त्याच्या धारेवर जाते फिरविले. त्या पिठाच्या भाकरीवर दर्ग्यातले फकीर आणि यात्रेकरू जेवत.

काका नातवाचा हात धरून आले. दोघे समोरासमोर उभे राहिले. कोणी कोणाला मिठी वगैरे मारली नाही. काका म्हणाले, “काठी कधीपासून रे?” बाबा म्हणाले, “तुझ्या कानातल्या यंत्राच्या आधीपासून.” हौदाकाठी बसू लागलो तर काकांनीच अडविले: “इथं नको. पाण्याचा आवाज यंत्रात घुमतो.” मग वडाखाली, उजेड चेहऱ्यावर पडेल अशा बेताने दोघांना बसविले. ऐकू कमी येणाऱ्याशी बोलताना ओरडावे लागत नाही; समोर बसावे, सावकाश बोलावे आणि मागचा गोंगाट टाळावा, एवढे पुरते.

आम्ही थोडे दूर सरकलो. हे शुश्रूषा करणाऱ्यांनी जरूर करावे. आपण शेजारी असलो की वृद्ध माणसे प्रकृतीविषयीच बोलतात. तासभराने पाहिले तर बाबा डोळे पुसत होते आणि काकांचा हात त्यांच्या गुडघ्यावर होता. दोन वर्षांत त्यांना रडताना मी प्रथमच पाहिले. मी उठू लागले तर काकांच्या नातवाने मानेनेच ‘राहू द्या’ म्हटले.

वाटेत नागसेनवनातून रिक्षा हळू घ्यायला सांगितली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली सुरू केलेले महाविद्यालय दिसताच दोघांत वाद पेटला: खोलीची खिडकी पूर्वेला होती की उत्तरेला. तो काकांच्या घरी जेवताना, गुलमंडीवरची इमरती अर्धी-अर्धी वाटून घेतानाही मिटला नाही. दोघांनाही मधुमेह आहे, म्हणून भात त्या दिवशी वर्ज्य ठेवला. दुपारी दोन तास सक्तीची विश्रांती, आणि उजेड असतानाच परतीची गाडी.

आता काका पैठणला येणार आहेत. नाथषष्ठीच्या गर्दीत नको, ती ओसरल्यावर. यंत्राच्या बॅटऱ्यांचा जादा जोड बरोबर घ्यायला त्यांच्या सुनेने बजावले आहे, आणि खिडकीचा प्रश्न तेव्हा निकालात काढायचा, असे बाबांनी ठरवून टाकले आहे.