ठिणगीविना धावणारी होडी

दुचाकीच्या इंजिनाचे चित्र फळ्यावर काढून आपण मुलांना सांगतो, की हवा आणि इंधन आत येते, दट्ट्या त्यांचे मिश्रण दाबतो आणि प्लगची ठिणगी पडली की ते पेटते. आता असे एक इंजिन डोळ्यांसमोर आणा, की ज्याला ठिणगीच नाही. चालू असताना त्याला मॅग्नेटो नाही, कॉइल नाही, बॅटरीही नाही. सिलिंडर अवघा ३.५ घनसेंटिमीटरचा, म्हणजे चहाच्या चमच्यातही पूर्ण भरणार नाही एवढा. तरीही त्याचा दांडा मिनिटाला वीस हजार फेरे घेतो आणि हातभर लांबीची होडी तळ्याच्या पाण्यावरून रस्त्यावरच्या मोटारीच्या वेगाने नेतो. रेडिओने चालवायच्या छोट्या होड्यांना लावतात ते हे नायट्रो आऊटबोर्ड इंजिन. ते विकत घ्यावे असे सुचवण्यासाठी हा लेख नाही. मात्र अकरावी-बारावीच्या रसायन आणि भौतिकीतल्या इतक्या गोष्टी या मुठीएवढ्या यंत्रात एकत्र नांदतात, की त्याची ओळख करून घेणे फायद्याचे आहे.

प्रथम नावाविषयी. नायट्रो म्हणजे नायट्रोमिथेन. इंधनात त्याचा वाटा बहुधा दहा ते तीस टक्के असतो, शर्यतीच्या इंधनात त्याहूनही जास्त. सुमारे पंधरा ते वीस टक्के वंगणतेल आणि उरलेले सगळे मिथेनॉल. काम मुख्यतः मिथेनॉलचे आणि नाव नायट्रोचे, असा हा प्रकार आहे.

ठिणगी नाही, मग पेट कसा घेते?

या इंजिनाच्या प्लगमध्ये दोन टोकांमधली फट नसते. तिथे प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या तारेचे बारीकसे वेटोळे असते. सुरू करताना दीड व्होल्टचा एक मोठा सेल जोडून ते लालभडक तापवतात. (इथे उत्साहाच्या भरात मोटारीची १२ व्होल्टची बॅटरी जोडली, तर तार क्षणात वितळते.) इंजिन धावू लागले की सेल काढून टाकतात, तरीही तार तापलेलीच राहते. आधीच्या स्फोटाची थोडी उष्णता तिच्यात उरलेली असते, दाबल्यामुळे मिश्रण तापते तीही मिळते. पण एवढ्याने भागत नाही. खरी मेख प्लॅटिनममध्ये आहे. मिथेनॉलच्या वाफेचे हवेतल्या ऑक्सिजनबरोबर होणारे संयोग प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर सुलभ होते, म्हणजे प्लॅटिनम येथे उत्प्रेरक आहे. त्या क्रियेतून निघणारी उष्णता तारेलाच तापवत राहते. साध्या नायक्रोमच्या तारेने हे काम होणार नाही, आणि मिथेनॉलऐवजी पेट्रोल घातले तरी हे इंजिन चालणार नाही.

हा गुण नवा नाही. १८१७ साली हम्फ्री डेव्ही यांनी कोळशाचा वायू व हवा यांच्या मिश्रणात प्लॅटिनमची तापवलेली तार धरली, तेव्हा ज्योत नसतानाही ती तेजाळत राहिली. १८२३ मध्ये जर्मनीत डोबरायनर यांनी प्लॅटिनमच्या सच्छिद्र पुंजीवर हायड्रोजनचा झोत सोडून तो पेटवून दाखवला आणि त्यावरून दिवाच बनवला. इंजिनात ही कल्पना यायला मात्र सव्वाशे वर्षे लागली. अमेरिकेतील रे आर्डन यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, असे प्लग बाजारात आणले. त्याआधी हौशी लोक होडीत वा विमानात इंजिनाबरोबर कॉइल आणि बॅटरीचे ओझे वाहत असत.

ठिणगी नसल्यामुळे एक अडचणही येते. मिश्रण नेमके कधी पेटावे हे ठरवणारी कळ या इंजिनाला नाही. प्लग किती गरम राहतो, मिश्रण किती दाबले जाते आणि नायट्रोचे प्रमाण किती, यांवर ती वेळ ठरते. म्हणून नायट्रो वाढवले की प्लग आणि कधी सिलिंडरचा माथाही बदलावा लागतो.

नायट्रोचे गणित

विद्यार्थी हमखास विचारतात, की नायट्रोमिथेनमध्ये पेट्रोलपेक्षा जास्त ऊर्जा असते का? उत्तर उलटे आहे. एक किलो पेट्रोल जळून सुमारे ४४ मेगाज्यूल उष्णता मिळते, मिथेनॉलपासून सुमारे २० आणि नायट्रोमिथेनपासून फक्त ११ च्या आसपास. मग जोर कुठून येतो?

इंजिनाची मर्यादा इंधन नसते, हवा असते. इंधन हवे तेवढे सोडता येते, हवा मात्र सिलिंडरच्या आकारमानाएवढीच आत येते. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला साधारण ६.५ किलो आणि नायट्रोमिथेनला केवळ १.७ किलो, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजनचे दोन अणू आधीच बसलेले असतात. आता भागाकार करा. एक किलो हवेमागे पेट्रोल ३ मेगाज्यूल देते, मिथेनॉल ३.१ आणि नायट्रोमिथेन जवळजवळ ६.५. म्हणजे तेवढ्याच हवेत दुप्पट उष्णता. हा भागाकार मुलांकडूनच करून घ्यावा असे आम्ही सुचवू. ‘जास्त ऊर्जेचे इंधन’ या शब्दांमागे किती गोष्टी दडलेल्या असतात, हे त्यातून चटकन कळते.

इंधन किती लागेल याचाही अंदाज बांधता येतो. ही इंजिने दोन-स्ट्रोकची असल्याने प्रत्येक फेऱ्यात एकदा हवा घेतात. ३.५ घनसेंटिमीटर गुणिले २०,००० म्हणजे मिनिटाला ७० लिटर, वजनाने सुमारे ८४ ग्रॅम हवा. केवळ मिथेनॉल धरले तरी तिला १३ ग्रॅम इंधन हवे. प्रत्यक्षात तेल, नायट्रो आणि न जळता निघून जाणारा भाग धरून खप याहून बराच जास्त होतो. पाव लिटरची टाकी पाच-दहा मिनिटांची सोबतीण, त्याहून अधिक नाही.

एरंडेल

दोन-स्ट्रोक इंजिनात मिश्रण दांड्याच्या कोठीतून वर जाते, म्हणून वंगण इंधनातच मिसळावे लागते. मोटारीचे खनिज तेल मिथेनॉलमध्ये विरघळत नाही. एरंडेल विरघळते, कारण त्याच्या मुख्य मेदाम्लात मिथेनॉलसारखाच हायड्रॉक्सिल गट असतो. पहिल्या महायुद्धातील फिरत्या सिलिंडरांच्या विमान-इंजिनांतही एरंडेलच वापरत. आज कृत्रिम तेलेही वापरतात, पण इंजिन अति तापले तर तगून राहणारे म्हणून एरंडेलाचा थोडा अंश बरेच जण ठेवतात. वर्गात हे दाखवायला मिथेनॉलची गरज नाही. दोन परीक्षानळ्यांत ९५ टक्क्यांचे इथिल अल्कोहोल घ्या. एकीत थोडे एरंडेल आणि दुसरीत शेंगदाण्याचे तेल घालून हलवा. पहिली निवळ होते, दुसरीत तेल तळाशी बसते. जवळपास ज्योत मात्र नको.

मागे टांगलेले यंत्र

कोकणच्या किनाऱ्यावर लहान होड्यांच्या मागे टांगलेली आऊटबोर्ड यंत्रे अनेकांनी पाहिली असतील. हे त्यांचेच धाकटे भावंड. दांडा उभा असतो, आणि त्याची गती लवचिक पोलादी तारेने किंवा शंकूच्या आकाराच्या गियरने वळवून पाण्यातल्या पंख्याला दिली जाते. वेगळे सुकाणू नसते. सबंध यंत्रच डावीउजवीकडे वळते, त्यामुळे पंख्याच्या रेट्याची दिशाच बदलते. पंख्याच्या मागे उसळणारे पाणी एका नळीतून सिलिंडरच्या माथ्याभोवती फिरून बाहेर पडते, तेच त्याचे शीतक. अमेरिकेतील के अँड बी या कंपनीचे ३.५ घनसेंटिमीटरचे आऊटबोर्ड हौशी मंडळींत एके काळी फार चालत असे.

पंख्याचा वेग काढायचा तर स्क्रूची कल्पना पुरते. ४० मिलिमीटर व्यासाचा पंखा एका फेऱ्यात ५६ मिलिमीटर पुढे सरकणार असेल, तर २०,००० फेऱ्यांत ११२० मीटर, म्हणजे ताशी ६७ किलोमीटर. पाणी घट्ट नसल्याने पाचवा भाग घसरणीत गेला, तरी ताशी ५४ उरतात. दोन किलोची होडी या वेगाने जाताना तिची गतिज ऊर्जा २२५ ज्यूल असते. ताशी १४४ किलोमीटर वेगाने टाकलेल्या १६० ग्रॅमच्या क्रिकेटच्या चेंडूची १२८ ज्यूल. खेळणे हा शब्द इथे बेताने वापरावा, हे या दोन आकड्यांवरून पटावे. पोहणारी माणसे वा गुरे असलेल्या तळ्यात ही होडी सोडता कामा नये.

सुरुवात करताना

यात क्लच नसतो. इंजिन सुरू झाले की त्याच क्षणी पंखा फिरतो, आणि त्याची पाती ब्लेडसारखी धारदार असतात. म्हणून होडी भक्कम घोडीवर एकाने धरायची, दुसऱ्याने गतिचक्राच्या खोबणीत दोरी वा पट्टा घालून इंजिन फिरवायचे, आणि पंख्याच्या बाजूला कोणीही उभे राहायचे नाही. पाण्याबाहेर इंजिनाला भार नसतो आणि शीतकही नसते, त्यामुळे तिथे ते थोडेच आणि मंदच चालवावे. नवे इंजिन पहिल्या काही टाक्या भरपूर इंधनावर, धूर सोडत चालू द्यायचे असते. सुई आवळून इंधन कमी केले की आवाज खणखणीत होतो आणि वेग वाढतो, मोह तिथेच होतो. पण इंधनाबरोबर तेलही कमी होते, हे विसरले की दट्ट्या सिलिंडरात चिकटतो.

रेडिओत दोनच मार्ग लागतात, एक सुकाणूसाठी आणि एक वेगासाठी. सध्याचे संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. या लहरी पाण्यात शिरत नाहीत, म्हणून ग्राहकाची तार पाण्याच्या पातळीच्या वर हवी. संदेश तुटला की इंजिन आपोआप मंदावेल अशी सोय संचात असते. ती काठावरच प्रक्षेपक बंद करून तपासल्याशिवाय होडी सोडू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. मिथेनॉल विष आहे. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांच्या मज्जातंतूवर आघात करते. दहा मिलिलिटरइतके पोटात गेले तरी दृष्टी जाऊ शकते. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, त्या दारूत मिथेनॉलच होते. ते त्वचेतूनही शोषले जाते, आणि त्याची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. नायट्रोमिथेनचा स्फोटकांसाठी दुरुपयोग होऊ शकतो, म्हणून युरोपीय संघात १ फेब्रुवारी २०२१ पासून १६ टक्क्यांहून जास्त नायट्रोचे इंधन सामान्य ग्राहकाला परवान्याशिवाय मिळत नाही. घरी मिश्रण करण्याच्या फंदात कोणी पडू नये. इंधन मूळ डब्यात, कुलपाखाली ठेवावे. पाण्याच्या बाटलीत तर कधीही नाही.

म्हणून शाळेने सुरुवात विजेच्या मोटारीच्या होडीने करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. तराफा, पंखा, तोल, रेडिओ हे सगळे तीतही शिकता येते. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल विभागात जहाजांच्या प्रतिकृती बनवण्याचे प्रशिक्षण असते, तिथल्या मार्गदर्शकांची मदत घेता येईल. नायट्रोचे इंजिन जाणत्या, अनुभवी माणसाच्या हातात असेल तेव्हाच मुलांना दाखवावे, तेही काठापासून मागे उभे करून.

होडी मध्येच बंद पडते, हे तर ठरलेलेच. ती आणायला कुणीही पाण्यात उडी घ्यायची नाही. माशांच्या गळाच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधून होडीच्या पलीकडे फेकावा आणि हळू ओढावा, किंवा जीवरक्षक जाकीट घातलेल्या मोठ्या माणसाने वल्ह्याची होडी न्यावी. परत आल्यावर टाकी रिकामी करून इंजिनात उरलेले इंधन जाळून टाकावे आणि आत हलके तेल सोडावे. मिथेनॉल हवेतली आर्द्रता ओढून घेते आणि एका रात्रीत बेअरिंगांवर गंज धरू लागतो.